मताच्या कात्र्या

नर्सरीच्या शेडमधलं कुंड्या भरायचं लांब टेबल दादांनी सकाळीच स्वतः पुसून घेतलं. एरवी त्या टेबलावर माती, खत, फुटक्या कुंड्या आणि मधल्या भावाच्या चहाच्या कपाचे गोल डाग असत. पण घराची बैठक असली की टेबल दादाच पुसत, आणि पुसताना कोणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे.

टेबलाच्या खणात मताच्या कात्र्या होत्या. ही पद्धत आजोबांनी घातलेली; आजोबा म्हणजे दादांचे वडील, पण घरात सगळेच त्यांना आजोबा म्हणत. घरातलं पोर मोठं झालं किंवा घरात सून आली, की तिला किंवा त्याला छाटणीची एक कोरी कात्री मिळे. त्या कात्रीने झाड कापायचं नाही, ती फक्त बैठकीत काढायची. समोर आलेली गोष्ट पटली तर कडी लावून, मिटलेली कात्री टेबलावर ठेवायची. नाही पटली तर कडी काढून पाती उघडी ठेवायची. एकच कात्री उघडी पडली तरी ती गोष्ट रद्द, मग बाकीचे कितीही डोकं आपटोत. आजोबा हट्टी होते, पण स्वतःच्या हट्टाची थोडी भीती बाळगण्याइतके शहाणेही होते.

गंमत अशी, की आजोबा गेल्यापासून त्या टेबलावर एकही कात्री उघडी पडली नव्हती. घरातले लोक हे छाती फुगवून सांगत. इतकी माणसं, इतकी वर्षं, आणि सगळ्यांना सगळं पटलं! असं घर देवाने एकच घडवलं असावं, नाहीतर त्या घरात कोणीतरी खोटं बोलत असावं.

आजची गोष्ट मोठी होती. शहरात नवा रुंद रस्ता होणार होता आणि त्याच्या दोन्ही कडांना सुरूची झाडं लागणार होती. सगळी शंकूच्या आकाराची, सगळी एका उंचीची. रस्त्याचं काम पाहणारे साहेब स्वतः येऊन गेले होते. "एकाचं टोक दुसऱ्याच्या वर यायला नको," ते म्हणाले, आणि दादांना त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. दादांनी आयुष्यभर हेच केलं होतं. तारेचा साचा झाडाला घालायचा, साच्याबाहेर डोकावेल ते कापायचं. हत्ती, गोळे, खांब, कमानी, काय काय त्यांच्या हातून झालं. हॉटेलांच्या दारात आणि बागांच्या वाटांवर लोक थांबून त्यांची झाडं बघत. पण एक सबंध रस्ता! म्हातारपणी काठी टेकत त्या रस्त्याने चालायचं आणि डावीउजवीकडे आपलंच काम उभं, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

अडचण जागेची होती. नर्सरीचा पुढचा भाग भरलेला. उरलं होतं ते मागचं रान, आणि त्या रानात धाकटी होती.

धाकटी म्हणजे दादांची बहीण. तिने एके दिवशी छाटणी सोडली आणि दोन्ही कात्र्या, कामाची आणि मताची, दादांच्या हातात ठेवून दिल्या. लग्न तिने केलं नव्हतं, आणि का केलं नाही याचं कारण ती प्रत्येकाला वेगळं सांगे. कात्री सोडल्यापासून मागच्या तुकड्यात तिने कशालाही पातं लावलं नव्हतं. तिथे आपोआप उगवलेली रोपं ती उचलून कुंडीत लावायची आणि विकायची. ज्यांना जसं वाढेल तसं झाड हवं असतं असे लोक असतात. थोडे असतात, पण असतात.

दुपारी तारवाला तिला भेटायला रानात गेला. तारवाला हा दादांचा मुलगा. साच्यांच्या तारा तोच वाकवायचा, म्हणून घरात त्याला सगळे याच नावाने हाक मारत. चांगला तिशीचा होऊनही त्याने वडिलांसमोर कधी मान वर केली नव्हती.

"आत्या, आज संध्याकाळी बैठक आहे."

"माहितेय. दादा सकाळपासून टेबल घासतोय. आवाज इथवर येत होता."

"मग तुला काही वाटत नाही?"

धाकटी एका झाडाच्या बुंध्याशी वाळकी पानं सारत बसली होती. ती हसली. "वाटतं की. भीती वाटते. पण मला भीती वाटली म्हणून पानं गळायची थांबत नाहीत, म्हणून म्हटलं आपणही हातातलं काम करावं."

ते झाड पूर्वी मोर होतं. कुंपणाला लावतात ते बारीक पानांचं झाड, पण आजोबांनी स्वतः त्याला मोराचा साचा घातला होता, आणि नर्सरीत येणारं प्रत्येक माणूस पहिल्यांदा त्या मोरापाशी थांबे. धाकटीने छाटणी सोडल्यावर मोराची मान आधी जाड झाली, मग तुरा फुटला, मग शेपूट चारी बाजूंनी सुटलं. आता मोर कुठे होता ते सांगावं लागे. साच्याची एक तार तेवढी खोडात रुतून बसली होती, आणि झाडाने ती गिळत आणली होती.

"तू इथे दिवसभर करतेस तरी काय?" तारवाल्याने विचारलं. हे त्याला कित्येक वर्षं विचारायचं होतं.

"बघते. ज्या गोष्टींसाठी तुम्ही सगळे ऊर फुटेस्तोवर धावताय ना, त्या या झाडांना ठाऊकच नाहीत. आणि तरी त्यांचं काही अडलेलं नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, मी यांना वाढू देतेय. मग कळलं, मीच यांच्यात बसून जरा वाढतेय."

"म्हणजे साधू झालीस म्हणायची."

"साधूलासुद्धा चार लोकांनी साधू म्हणावं लागतं. मला तेवढंही नको."

तारवाला खाली बसला. हातातली तारेची वेटोळी त्याने बाजूला ठेवली आणि घाईघाईने, कोणी ऐकू नये अशा आवाजात तो म्हणाला, "आत्या, मी उघडी ठेवीन. तुला कात्री नाही, पण मला आहे. एक पुरते ना?"

धाकटीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि तिने ठेवला. "हे बघ, माझ्यासाठी ठेवू नकोस. तुला पटत असेल तर ठेव."

"पटतंय म्हणूनच."

"मग झालं." तिला हायसं वाटलं, आणि वाटलं याचा जरा रागही आला. एकटीने उभं राहायचं म्हणून कात्री परत केली होती, आणि आज दुसऱ्याच्या कात्रीवर जीव टांगणीला लागला होता. "आणि काय रे, मी बसते ते उलटं खोकं तू हलवतोस का? रोज झाडाच्या एका बाजूला ठेवते, तर दुसऱ्या बाजूला सापडतं."

"मी कशाला हलवू?"

"मग वाऱ्याला बसायला लागत असेल," ती म्हणाली.

खोकं वहिनी हलवत होत्या.

वहिनी म्हणजे दादांच्या पत्नी. नाकासमोर चालणारी बाई, असं त्यांच्याबद्दल सगळे म्हणत, आणि हे कौतुक आहे की काय हे वहिनींना अजून ठरवता आलं नव्हतं. लग्न होऊन आल्या त्या आठवड्यात सासऱ्यांनी त्यांना मोराचं शेपूट दिलं. म्हणजे शेपटाची छाटणी. तेव्हापासून दर आठवड्याला शेपूट त्यांचंच. पोटात मूल असताना, मूल कडेवर असताना, पाठ धरलेली असताना, शेपूट कधी चुकलं नाही. मग धाकटीने मागच्या भागातली छाटणी बंद केली आणि त्यांचं ते काम सुटलं. एके दिवशी दुपारी दादा झोपले असताना त्या सहज तिकडे गेल्या आणि थबकल्या. मोर पांढऱ्या फुलांनी भरला होता. बारीक फुलं, आणि वास असा की त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कोणी अत्तराची बाटली सांडली का म्हणून.

या झाडाला फुलं येतात हे त्यांना माहीतच नव्हतं. इतकी वर्षं त्या जी कोवळी टोकं कापत आल्या, ती कळ्यांचीच टोकं होती. त्यांना आधी लाज वाटली. मग खूप राग आला. तो राग कोणावर काढावा हे कळेना, म्हणून त्यांनी खोकं ओढलं आणि सावलीच्या बाजूला बसून राहिल्या. त्या दिवसापासून दुपारी धाकटी रोपं विकायला पुढे गेली, की त्या तिथे जात. तिथे त्यांना कोणी आई म्हणत नसे, वहिनी म्हणत नसे, अगं म्हणत नसे. तासाभरासाठी त्या कोणाच्या कोणी नसत, आणि घरी येताना त्यांना आपण भरपेट जेवून आल्यासारखं वाटे.

याबद्दल त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. धाकटीशीसुद्धा नाही. धाकटी त्यांना दादांची सावली समजे, हे त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी उजेड असतानाच सगळे शेडमध्ये जमले. दादा टेबलाच्या टोकाला, त्यांच्या उजव्या हाताला मधला, मग मधल्याची बायको, जिला सगळे मधलीच म्हणत, आणि समोर तारवाला. धाकटी दाराशी खताच्या पोत्यावर बसली होती. तिला खुर्ची दिली होती, तिने घेतली नव्हती. वहिनी आत चहा करत होत्या. स्वयंपाकघराची खिडकी शेडमध्येच उघडायची, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येत होतं.

दादांनी रस्त्याबद्दल सांगितलं. छान सांगितलं. मग म्हणाले, "मागची जागा मोकळी करावी लागेल. धाकटे, तुला काही बोलायचं असेल तर बोल. कात्री नसली तरी तू घरचीच आहेस."

"मोकळी करायची म्हणजे काय, दादा? ती भरलेली आहे."

"गवताने," मधली म्हणाली.

"गवतानेसुद्धा," धाकटी म्हणाली.

मधला हसला. ऑर्डर आणणं, लोकांशी गोड बोलणं हे त्याचं खातं. "अगं, तुझ्या रानाबद्दल कोणाला काय म्हणायचंय? पण विचार कर. इतकं मोठं काम घरात येतंय. रानाचं काय, रान कुठेही उगवतं. घराच्या भिंतीवरसुद्धा उगवतं."

"तेच तर. ते कुठेही उगवतं आणि तुम्ही कुठेही ते ठेवत नाही. एक तुकडा असा राहू दे, जिथे कोणी कोणाला सांगत नाही की तू इतकंच वाढ."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," मधली म्हणाली. "आम्ही काय राक्षस आहोत? आम्ही कापतो म्हणून झाडं नीटनेटकी दिसतात. लोकांना नीटनेटकं आवडतं."

"लोकांना आवडतं. तुला काय आवडतं?"

"हा काय प्रश्न झाला?"

"व्यक्ती तितक्या प्रकृती, हे आपण माणसांबद्दल म्हणतो. म्हणतो तेवढंच. झाडांना तर तेवढंही म्हणत नाही. मी तिथे एका जातीची शेजारीशेजारी उगवलेली रोपं पाहिलीत, एकासारखं दुसरं नाही. आणि त्यात एकही चुकलेलं नाही, दादा. एकही."

दादा शांतपणे ऐकत होते. बहिणीवर त्यांचा जीव होता, आणि म्हणूनच ती बोलू लागली की त्यांना आपल्या हातातली कात्री कोणी हिसकावतंय असं वाटे. "तुझं वाढतं ते आपोआप वाढतं," ते म्हणाले. "त्यात तुझं काय? मी एक झाड घडवतो तेव्हा त्यात माझे हात असतात. शिस्त नसती तर या घराला कोणी ओळखलं नसतं. आजोबांनी मोर केला म्हणून लोक आले. झुडूप बघायला कोण आलं असतं?"

"फुलपाखरं," धाकटी म्हणाली.

मधल्याला हसू आलं, त्याने खोकल्यात लपवलं. दादा हसले नाहीत. त्यांनी खण उघडला.

आजोबांच्या काळी कात्र्या ठेवायची सुरुवात सगळ्यांत लहानापासून होई, म्हणजे कोणी मोठ्यांकडे बघून ठेवू नये. पण एकदा दादांना बाहेर जायची घाई होती, तेव्हा त्यांनी आधी ठेवली आणि निघून गेले. तेव्हापासून तोच पायंडा पडला. दादांनी आपली कात्री मिटलेली ठेवली. टेबलावर टक असा आवाज झाला.

मधल्याने ठेवली. मिटलेली. "एकमत जिंदाबाद," तो म्हणाला.

मधलीने नवऱ्याच्या कात्रीकडे पाहिलं आणि आपली तिच्या शेजारी ठेवली, अगदी सरळ रेषेत.

मग तारवाला. त्याने कात्री हातात घेतली. त्याचा अंगठा कडीवर होता. दादा मुलाकडे बघून फक्त "हं" म्हणाले, रोज सकाळी काम सांगताना म्हणतात तसं. तारवाल्याचा अंगठा घसरला. त्याने मिटलेली कात्री टेबलावर ठेवली आणि मान खाली घातली.

धाकटीला राग आला नाही. तिला आठवलं, तो लहान असताना तारेचं एक घुबड करून दाखवायला आला होता, आणि वडिलांची चाहूल लागताच ते त्याने खिशात चिरडलं होतं. ती दाराबाहेर बघू लागली. संपलं होतं. मोराच्या झाडाला मुळासकट काढायला किती वेळ लागेल, याचा विचार तिच्या मनात आला आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. बैठकीत त्या नेहमी याच वेळी येत. त्यांचे हात ट्रेमध्ये अडकलेले, म्हणून त्यांची कात्री दादाच ठेवून टाकत. पहिल्यांदा सोय म्हणून ठेवली, मग सवय म्हणून, आणि आता तर हे कोणाच्या लक्षातही येत नसे. दादांनी खणातून शेवटची कात्री काढली.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "ती माझी ना?"

"हो, तुझीच. ठेवतोय."

"माझी मी ठेवते. हा ट्रे जरा धरा."

आणि दादांच्या हातात ट्रे आला. घराचा कर्ता माणूस भरलेले कप सांभाळत उभा राहिला.

वहिनींनी कात्री हातात घेतली. लग्नात मिळाली तेव्हा एकदा घेतली होती, त्यानंतर आजच. त्यांनी अंगठ्याने कडी ढकलली. कडी हलेना. दोन्ही हातांनी ढकलली. पदराने धरून पाहिली. सगळे बघत होते, आणि वहिनींच्या कपाळावर घाम आला.

"काय करतेयस?" दादा म्हणाले.

"उघडत नाहीये."

"अगं जोर लावू नकोस, पातं मोडेल. गंजलीय ती. अशी नाही, अशी नाही, थांब!" बिघडलेलं हत्यार समोर असताना दादांना दुसरं काही दिसत नसे, हा त्यांचा जुना रोग होता. त्यांनी ट्रे मधलीच्या हातात कोंबला, कात्री जवळजवळ ओढूनच घेतली, फळीवरची तेलाची बुधली काढली आणि सांध्यावर दोन थेंब सोडले. "कोणी ठेवली ही अशी? हत्यार आहे की काय आहे? इतकी वर्षं कोणी एकदा हलवून बघू नये?"

"तुम्हीच ठेवत होता," वहिनी म्हणाल्या.

दादांनी ऐकलं नाही. ते कडी पुढेमागे करत होते, फडक्याने गंज पुसत होते, पुन्हा तेल सोडत होते. धाकटी पोत्यावरून उठून उभी राहिली होती. मग खट्ट आवाज आला, कडी सुटली आणि स्प्रिंगने पाती फाकली.

"बघ," दादा खुशीत म्हणाले, "आता कशी चालते." आणि त्यांनी ती, मूठ पुढे करून, बायकोच्या हातात दिली.

वहिनींनी ती तशीच टेबलावर ठेवली. उघडी.

मधलीच्या हातातल्या ट्रेमध्ये कप किणकिणत होते.

"वहिनी," मधला हळूच म्हणाला, "चुकून उघडी राहिली बहुतेक."

"चुकून नाही, भाऊजी. इतका वेळ ती उघडण्यासाठीच तर झटापट चालली होती."

"पण जाऊबाई," मधली म्हणाली, "इतकी वर्षं मिटलेली ठेवलीत, आणि आजच काय झालं?"

"मी रोज झोपते. म्हणून सकाळी उठायचं नाही का?"

दादा बुधली हातात धरून उभे होते. ते रागावले नव्हते. वाट चुकलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "तुला पटत नव्हतं तर बोलायचंस. घरात बोलायचंस."

"मला पटत नाही हे मलाच माहीत नव्हतं. तुम्ही शपथ घाला, खरंच नव्हतं." वहिनी थांबल्या नाहीत. "तो मोर. त्याला फुलं येतात."

"येतात की. पण येऊ द्यायची नसतात. फुलं आली की आकार जातो."

"ते मला कोणी सांगितलं नाही. मला फक्त आकार सांगितला. नवी नवरी असल्यापासून मी ते शेपूट कापलं, आणि एकदाही कोणी म्हणालं नाही की बाई, तू कळ्या कापतेयस. मी दुपारी तिथे जाऊन बसते. रोज. तिथे बसल्यावर मला माझ्या मनातलं ऐकू येतं. हळू येतं, पण येतं. ती जागा मी देणार नाही."

"ते खोकं तुम्ही हलवता होय!" धाकटी ओरडली.

"ऊन लागतं हो वन्सं, तुम्ही ठेवता त्या बाजूला."

धाकटी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. ज्या बाईला तिने सावली म्हणून सोडून दिलं होतं, ती तिच्याच झाडाखाली रोज बसून जात होती, आणि आपल्याला एकटं वाटत होतं! तिला स्वतःच्या शहाणपणाची चांगलीच लाज वाटली आणि इतका आनंद झाला की तिने दाराची चौकट धरली.

तारवाला उठला. त्याचा हात आपल्या कात्रीकडे गेला. "आई, मी पण उघडी ठेवतो. मला खरं तर आधीच..."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या.

"पण मला पटतं!"

"पटत असेल. पण मघाशी बापाकडे बघून मिटलीस, आता आईकडे बघून उघडणार. माझ्यामागे येऊ नकोस बाळा. पुढच्या वेळी कोणाकडेही न बघता ठेव, मग मिटलेली असली तरी मला चालेल."

तारवाल्याने हात मागे घेतला. त्याचे कान लाल झाले, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याने मान वर करून वडिलांकडे पाहिलं. "बाबा, पुढच्या वेळी सुरुवात लहानापासून करायची. आजोबांसारखी."

मधलीने ट्रे टेबलावर ठेवला. "आता निघालंच आहे तर सांगते. मला ते शंकू मुळीच आवडत नाहीत. एकासारखा एक, बघून जांभई येते."

"मग मिटलेली का ठेवलीस?" मधल्याने विचारलं.

"तुम्ही ठेवलीत म्हणून."

"अगं, मी दादाने ठेवली म्हणून ठेवली!"

यावर सगळे दादांकडे बघू लागले. दादांनी बुधली खाली ठेवली. "मला आवडतात," ते म्हणाले. "तुम्ही हसा हवं तर. मला ते सरळ उभे शंकू खरंच आवडतात."

वहिनी त्यांच्याजवळ गेल्या. "मग इतक्या लोकांत तुमच्या एकट्याचीच कात्री खरी होती," त्या म्हणाल्या. "तुमची आणि आता माझी. दोन खऱ्या कात्र्यांचं भांडण, याच्याइतकं चांगलं या टेबलावर बऱ्याच दिवसांत काही झालं नाही."

दादांनी उघड्या कात्रीकडे पाहिलं. त्यांना रस्ता दिसत होता आणि तो आता दुसऱ्या कोणाच्या तरी झाडांनी भरत होता. ते दुःख खरं होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं. मग ते म्हणाले, "मला पटलेलं नाही. ते स्वच्छ सांगतो. पण आजोबांचा नियम आहे. उघडी पडली. साहेबांना मी उद्या नाही म्हणून कळवतो."

"दादा," धाकटी म्हणाली, "माझी मताची कात्री आहे का अजून?"

दादांनी खणात पार आत हात घातला. कात्री फडक्यात गुंडाळलेली होती. त्यांनी ती फेकली नव्हती, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"परत हवी?"

"हवी. मी उगीच तोऱ्यात देऊन टाकली होती. रानात बसून शहाणं होणं सोपं असतं, टेबलाशी बसून व्हायला पाहिजे."

"चहा गार झालाय," मधली म्हणाली. सगळ्यांनी सवयीने वहिनींकडे पाहिलं.

वहिनींनी एक कप उचलला, आपला. "ज्याला गरम हवा त्याने करून घ्या," त्या म्हणाल्या. "चला वन्सं, अजून उजेड आहे."

दोघी मागच्या दाराने बाहेर पडल्या. मोराच्या झाडाखाली वहिनी खोक्यावर बसल्या आणि धाकटी जमिनीवर. फुलांचे दिवस नव्हते, पण फांद्यांच्या टोकांना बारीक हिरवे दाणे धरले होते. वहिनींनी एक टोक बोटांत धरलं, पाहिलं आणि सोडून दिलं. ते जाग्यावर गेलं. गार चहा त्यांनी चवीने प्यायला.

शेडमध्ये दादा एकटेच राहिले होते. आवराआवर करायची म्हणून त्यांनी स्वतःची कात्री उचलली आणि सहज कडीवर अंगठा ठेवला. कडी हलेना. त्यांनी मधल्याची उचलली, मग मधलीची, मग मुलाची. सगळ्या तशाच होत्या. दादांनी खुर्ची ओढली, दिवा लावला आणि बुधली जवळ घेतली.

मागच्या रानात दोघींना खट्ट असा एक आवाज ऐकू आला. मग थोड्या वेळाने आणखी एक.

"हे काय करतायत?" धाकटीने विचारलं.

"कात्र्या दुरुस्त करतायत," वहिनी म्हणाल्या, आणि मोजायच्या म्हणून नाही, पण सगळ्या होईपर्यंत त्या ऐकत राहिल्या.